सेकंडहँड टायटॅनियम हार्डटेल घेताय? आधी माप घ्या, धातू नंतर बघा

टायटॅनियमची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक) शोधायला बसलं की बहुतेकांचं असंच होतं, आधी फोटो आवडतो. तो मंद राखाडी रंग, जोडांवर ओळीने बसलेले वेल्डचे बारीक खवले, आणि मग साइज जवळपास आहे ना, होईल ॲडजस्ट, असं आपणच आपल्याला समजावतो. माझंही पहिल्या वेळी हेच झालं. फ्रेम सुंदर होती, एक ओरखडा नव्हता, विकणारा म्हणाला तुमच्या उंचीला मीडियम चालतं आणि मी ते मानलं. मग दीड वर्षात तीन स्टेम (हँडल पुढे धरून ठेवणारा तुकडा) बदलले, दोन हँडल बदलले, सीटपोस्ट शेवटच्या खुणेपर्यंत वर काढला, तरी तासाभराने तळहात बधिर व्हायचे ते व्हायचेच, आणि उभं राहून वळताना गुडघे हँडलला लागतील की काय असं वाटायचं. शेवटी ती विकली, आणि दुसरी शोधताना आधी टेप घेऊन बसलो. ती दुसरी आजही माझ्याकडेच आहे.

हे टायटॅनियमच्या बाबतीत एवढ्यासाठी सांगतोय की टायटॅनियम गंजत नाही, नीट बनवलेली फ्रेम वीस-पंचवीस वर्षं सहज टिकते, त्यामुळे मापात चुकलेली फ्रेमही तितकीच वर्षं तुमच्याकडे राहू शकते आणि दरवेळी तेवढाच त्रास देते. म्हणून खाली मी ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने जा, जाहिराती बघण्याआधी पहिल्या दोन गोष्टी पूर्ण करा, खरंच.

१. आत्ता जी सायकल आहे ती मोजा

सायकल सपाट फरशीवर उभी करा, मागचं चाक भिंतीला टेकवा, सायकल सरळ उभी राहील असं कुणाला तरी धरायला सांगा. मग चार मापं घ्यायची. भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक जिथे फिरतात ती जागा) मध्यापर्यंतचं आडवं अंतर, भिंतीपासून हेड ट्यूबच्या (फ्रेमची पुढची नळी, जिच्यातून फोर्कचा दांडा वर येतो) वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर, जमिनीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्याची उंची आणि जमिनीपासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकाची उंची. आडव्या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे रीच, फ्रेम पुढे किती लांब ते, आणि उभ्या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे स्टॅक, पुढून किती उंच ते. हेड ट्यूबचं टोक म्हणजे फ्रेमचं टोक, वरचे स्पेसर (स्टेमखालच्या कड्या) त्यात धरायचे नाहीत, ही चूक फार जण करतात आणि मग स्टॅक दोन-तीन सेंटिमीटरने जास्त येतो. वरून खाली ओळंबा सोडला तर आडवी मापं अजून अचूक येतात, ओळंबा नसेल तर दोऱ्याला जड नट बांधा, काम होतं.

आणखी काही आकडे लिहून ठेवा: बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतचं अंतर सीट ट्यूबच्या रेषेत, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत, सीट हँडलपेक्षा किती वर किंवा खाली आहे, स्टेमची लांबी, स्टेमखाली स्पेसर किती, हँडलची रुंदी, आणि फोर्कचा ट्रॅव्हल (तो किती मिमी दबतो). हे सगळं एका कागदावर. हा कागद पुढे प्रत्येक जाहिरातीसमोर धरायचा आहे.

सीटची उंचीच चुकलेली असेल तर बाकीचे आकडे काही सांगत नाहीत, म्हणून ती आधी ठीक करा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन पायांमध्ये जाडसर पुस्तक घट्ट वर ओढायचं, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं आणि त्या आकड्याला ०.८८३ ने गुणायचं, ही सुरुवातीची उंची. ८० सेंमी आलं तर साधारण ७०.६ सेंमी. हा हिशेब रोड सायकलिंगमधून आलाय, डोंगरात बरेच जण याहून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली ठेवतात, तुम्हीही ठेवलीत तरी चालेल.

२. नेमकं काय बिनसतंय ते ओळखा

"फिट होत नाही" एवढंच म्हणून चालत नाही. तळहात बधिर होतात, मान आणि खांदे आखडतात, तर बहुतेक वेळा वजन हातांवर जास्त पडतंय, म्हणजे हँडल खाली आहे किंवा लांब आहे, तुम्हाला स्टॅक जास्त किंवा रीच कमी हवा. (आधी सीटचं टोक खाली झुकलेलं नाही ना ते बघा, कधीकधी एवढ्यानेच निभावतं.) चढावर पुढचं चाक उचललं जातं, बसल्यावर पोट दुमडल्यासारखं होतं, उभं राहिल्यावर गुडघ्यांना जागा नाही, तर सायकल आखूड आहे. उतारावर थांबून पाय टेकवताना टॉप ट्यूब अंगाला लागते, तर सीट ट्यूब आणि स्टँडओव्हर (टॉप ट्यूबची जमिनीपासूनची उंची) जास्त आहे. माझ्या पहिल्या फ्रेमला दोन्ही दुखणी होती, ती आखूडही होती आणि पुढून बसकीही, म्हणून लांब स्टेम लावला की हात दुखायचे आणि छोटा लावला की गुडघे अडायचे, आणि हे मला कळायला दीड वर्ष लागलं कारण मी आकडे कधी लिहिलेच नव्हते.

आता जी सायकल आहे तिच्यावर स्वस्तात प्रयोग करून घ्या. मागून आणलेला १० किंवा २० मिमी छोटा-मोठा स्टेम लावा, स्पेसर वरखाली करा, आठवडाभर चालवा. स्पेसर १० मिमीने वाढवला की हँडल वर तर जातंच पण साडेतीन-चार मिमी तुमच्या जवळही येतं, कारण हेड ट्यूब तिरकी असते. ज्या सेटिंगवर दोन-तीन तास त्रास होत नाही ती सेटिंग मोजा. तेच तुमचं लक्ष्य. आणि प्रयोग करता करता आहे तीच सायकल नीट बसायला लागली तर उत्तमच, मग घाई कशाला, शांतपणे शोधा.

३. "मीडियम" आणि "१८ इंच" हे शब्द विसरा

प्रत्येक कंपनीचं मीडियम वेगळं. इंचात दिलेला आकडा म्हणजे सीट ट्यूबची लांबी, आणि ती तर कुणी टॉप ट्यूबच्या मध्यापर्यंत मोजतं, कुणी वरपर्यंत, कुणी ट्यूबच्या टोकापर्यंत. सायकल लांब आहे की आखूड हे त्यावरून कळतच नाही.

टायटॅनियममध्ये हा घोळ जास्त आहे कारण बाजारात जुन्या फ्रेम खूप फिरतात. १९९० च्या दशकातल्या माउंटन बाइकचा हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) ७१ अंशांच्या आसपास, रीच कमी आणि त्यावर १०० ते १३० मिमीचा स्टेम अशी रचना असायची. आत्ताच्या ट्रेल हार्डटेलला ६४ ते ६७ अंशांचा हेड अँगल, लांब रीच आणि ३५ ते ५० मिमीचा स्टेम. म्हणजे ४०० रीच अधिक १०० स्टेम आणि ४६० रीच अधिक ४० स्टेम, हँडल साधारण एकाच जागी येईल, पण चालवायला दोन्ही सायकली अगदी वेगळ्या. पहिली चढावर आणि अरुंद वळणांत चपळ, तीव्र उतारावर मात्र पुढे ओढल्यासारखी वाटते. त्या जुन्या फ्रेमवर आजचा ४० मिमी स्टेम लावायचा विचार असेल तर ६० मिमी जागा एका झटक्यात गेली, हे आधी धरा. उलट तुम्हाला जुन्या धाटणीची सायकलच आवडत असेल तर जरूर घ्या, मला स्वतःला त्या मोकळ्या मातीच्या वाटांवर फार आवडतात, फक्त लांब स्टेमसकट घ्या.

फक्त इफेक्टिव्ह टॉप ट्यूब (हेड ट्यूबच्या टोकापासून सीटपोस्टपर्यंतचं आडवं अंतर) दिली असेल तर सीट अँगलही, म्हणजे सीट ट्यूबचा कोन, विचारा. सीट अँगल एका अंशाने बदलला की सीटची जागा साधारण १२ मिमीने पुढेमागे होते, त्यामुळे दोन फ्रेमची टॉप ट्यूब सारखी असूनही रीचमध्ये दोन-तीन सेंटिमीटरचा फरक निघू शकतो.

फोर्कचं तर नक्कीच विचारा, कारण दिलेली मापं कोणत्या फोर्कला धरून आहेत त्यावर सगळं अवलंबून आहे. फोर्क २० मिमीने लांब झाला की हेड अँगल साधारण एक अंशाने पडतो, रीच जवळजवळ १० मिमीने कमी होतो, स्टॅक आणि बॉटम ब्रॅकेटची उंची काही मिलिमीटर वाढते. आणि ८० मिमी ट्रॅव्हलसाठी बनलेल्या फ्रेमला कुणी १४० चा फोर्क लावून वापरली असेल तर हेड ट्यूबच्या जोडावर जो जास्तीचा ताण पडलाय तो फ्रेमने सोसलेला आहे, अशी फ्रेम मी तरी घेत नाही.

४. धातूबद्दल एवढं माहीत असलं की पुरे

सायकलच्या नळ्या बहुतेक ३-२.५ नावाच्या मिश्रधातूच्या असतात, म्हणजे टायटॅनियममध्ये ३ टक्के ॲल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम. ६-४ हा त्याहून मजबूत प्रकार, तो ड्रॉपआउट (मागच्या चाकाचा ॲक्सल बसतो ते टोक) वगैरे भागांना वापरतात, नळ्या त्याच्या क्वचितच. टायटॅनियमची घनता स्टीलच्या साठ टक्क्यांहूनही कमी, पण ताठपणाही स्टीलच्या जवळपास निम्माच, म्हणून नळ्या थोड्या जाड व्यासाच्या करतात. हार्डटेल फ्रेम साधारण दीड ते दोन किलोच्या मध्ये येते.

लोक म्हणतात टायटॅनियम सगळे धक्के गिळतं. थोडा फरक असतो, मला जाणवतो, पण टायर किती रुंद आहे आणि त्यात हवा किती आहे याचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा, त्यामुळे फक्त आरामासाठी मापात नसलेली टायटॅनियम फ्रेम घेणं चूक आहे. ही फ्रेम घ्यायची ती गंजत नाही, रंगाची काळजी नाही, ओरखडे घासून काढता येतात आणि वर्षानुवर्षं तशीच राहते यासाठी.

नावांचं म्हणाल तर मर्लिन आणि लाइटस्पीड या दोन्ही अमेरिकन कंपन्या १९८० च्या दशकातल्या, लिन्स्की कुटुंबाने लाइटस्पीड विकल्यावर पुढे स्वतःच्याच नावाने परत फ्रेम बनवायला सुरुवात केली, मूट्स कोलोरॅडोतली. यांच्या जुन्या फ्रेम अजून चांगल्या अवस्थेत मिळतात. पण स्टिकरवर जाऊ नका, अनेक नावांच्या फ्रेम दुसऱ्याच कारखान्यात बनत, उदाहरणार्थ कोनाची हेइ हेइ काही काळ सँडविककडून बनून यायची आणि ती उत्तम होती.

५. पार्ट मिळतील का ते बघा, इथेच खर्च लपलेला असतो

माप जुळलं की पुढचा प्रश्न, या फ्रेमला काय बसतं. हेड ट्यूब जुनी, सरळ १⅛ इंची असेल तर आजचे टेपर्ड स्टीअररवाले (वरचा दांडा खाली जाड होत जाणारे) फोर्क त्यात जात नाहीत. ४४ मिमीची सरळ जाड हेड ट्यूब असेल तर खाली बाहेरचा कप लावून टेपर्ड फोर्क बसतो, त्यामुळे सेकंडहँडमध्ये ४४ मिमी दिसली की मला बरं वाटतं. मागचं हब १३५ मिमी क्विक रिलीज आहे, १४२ थ्रू ॲक्सल आहे की १४८ बूस्ट, हे विचारा, कारण तुमचं आत्ताचं मागचं चाक वापरायचा विचार असेल तर तो इथेच ठरतो. काही फ्रेमचे ड्रॉपआउट बदलता येतात आणि १३५ चं १४२ करता येतं, सगळ्यांचं नाही.

बॉटम ब्रॅकेटला आटे असतील तर चांगलं, बदलायला सोपं. सीटपोस्टचा व्यास बघा: २७.२ असेल तर ड्रॉपर पोस्टचे (चालवतानाच खालीवर करता येणारा सीटपोस्ट) पर्याय फार थोडे, ३०.९ किंवा ३१.६ ला भरपूर, आणि ड्रॉपरची केबल आतून न्यायला भोक आहे का तेही. नसेल तर स्वतः ड्रिल मारू नका, तडे तिथूनच सुरू होतात. डिस्क ब्रेकचा माउंट आहे का, की नुसते व्ही-ब्रेकचे खुंट? नंतर कुणीतरी डिस्क माउंट वेल्ड करून घेतलेला असेल तर मी दूरच राहतो. टायरला जागा किती तेही टेपने मोजा, जुन्या २६ इंची फ्रेममध्ये २.१ च्या पुढचा टायर चिखलात घासतो.

२६ इंची चाकाबद्दल मनापासून सांगायचं तर, आधीपासून २६ चे पार्ट साठवलेले असतील तरच घ्या. चांगले फोर्क आणि टायर मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय, आणि पहिली टायटॅनियम घेणाऱ्याने पार्ट शोधण्यात वर्ष घालवू नये.

६. जायच्या आधी विकणाऱ्याला काय विचारायचं

सरळ लिहा, आडपडदा नको. आडवी-उभी चार मापं (वर सांगितलेली) टेप दिसेल अशा फोटोसकट. बॉटम ब्रॅकेटखालचा सीरियल नंबर. डाउन ट्यूबची खालची बाजू हेड ट्यूबजवळ, सीट ट्यूब आणि टॉप ट्यूबचा जोड चारी बाजूंनी, चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्या) बॉटम ब्रॅकेटजवळ, डावा ड्रॉपआउट आणि डिस्क माउंट, यांचे जवळून फोटो, फ्रेम पुसून. कधी घेतली, पहिलेच मालक का, पावती आहे का, कुठे वेल्ड किंवा सरळ करून घेतली का, फोर्क कोणता लावला होता, सीटपोस्ट शेवटचा कधी बाहेर काढला.

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. का ते पुढे.

सीरियल नंबर मिळाला की चोरीच्या सायकलींच्या नोंदीत शोधा, आणि त्याच नंबरावरून बनवणाऱ्या कंपनीला ईमेल करा, लहान कंपन्या कितीतरी वेळा साल, मूळ माप आणि किती लांबीच्या फोर्कसाठी बनवली हे कळवतात. लाइफटाइम वॉरंटी बहुतेक कंपन्यांची फक्त पहिल्या मालकाला असते, विकणारा "आजन्म वॉरंटी आहे" म्हणाला तरी ती तुम्हाला लागू आहे असं धरून पैसे देऊ नका.

जो माणूस फोटो द्यायला कंटाळा करतो त्याच्याकडे जाऊच नका असं मी म्हणणार नाही, काही जणांना खरंच वेळ नसतो, पण मग प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक पैसाही पुढे पाठवायचा नाही.

७. प्रत्यक्ष बघायला गेलात की

दिवसा जा. सोबत टॉर्च, टेप, ॲलन कीचा सेट, स्वच्छ पांढरं फडकं, थोडं स्पिरिट आणि दोन-तीन मीटर बारीक दोरा. आणि तुमचा तो कागद.

पहिलं काम सीटपोस्ट. क्लॅम्प ढिला करून पोस्ट स्वतः बाहेर काढून बघा. ॲल्युमिनियमचा पोस्ट टायटॅनियमच्या नळीत वर्षानुवर्षं न हलवता राहिला की पाणी आणि घाम आत जाऊन ॲल्युमिनियम आतल्या आत क्षरतो, फुगतो आणि असा काही चिकटतो की हलत नाही. काढता येतो, पण ते अनुभवी माणसाचं काम, कधी कापून काढावा लागतो, कधी रसायनाने विरघळवावा लागतो. "थोडा टाइट आहे, हलेल" असं विकणारा म्हणाला तर त्याला म्हणा, आत्ता हलवून दाखवा. हलला नाही तर ती फ्रेम त्याच उंचीवर कायमची अडकली आहे असं समजून पुढचा विचार करा, आणि मापासाठीच तर आपण आलोय.

पोस्ट बाहेर आला की तो किती आत होता ते बघा. तो टॉप ट्यूबच्या जोडाच्या खालपर्यंत जायलाच हवा. आधीच्या मालकाने लहान फ्रेमवर पोस्ट फार वर काढून वापरली असेल तर सगळा भार सीट ट्यूबच्या वरच्या टोकावर आलेला असतो आणि तिथे, विशेषतः क्लॅम्पच्या फटीच्या तळाशी आणि टॉप ट्यूबच्या जोडाला, तडा जाऊ शकतो. टॉर्च मारून आतूनही बघा.

आता जोड. फडक्यावर स्पिरिट घेऊन प्रत्येक जोड पुसा आणि टॉर्च तिरकी धरून बघा, समोरून उजेड मारला तर बारीक तडा दिसत नाही, तिरक्या उजेडात सावली पडते. तडा बहुधा वेल्डच्या मधोमध नसतो, वेल्ड संपून नळी सुरू होते त्या कडेला असतो, केसासारखी गडद रेघ. नख फिरवून बघा, ओरखडा असेल तर तळ दिसतो आणि दिशा साधारण सरळ असते, तडा वेल्डच्या कडेने वळत जातो. बघायच्या जागा: हेड ट्यूबमागे डाउन ट्यूबची खालची बाजू, ही सगळ्यात आधी, मग सीट ट्यूबचा वरचा जोड, चेनस्टे आणि बॉटम ब्रॅकेटचा जोड, दोन चेनस्टेमधला ब्रिज, डाव्या बाजूचा डिस्क माउंट आणि त्याच्या आसपासचा स्टे, कारण ब्रेकचा सगळा जोर तिथे जातो, ड्रॉपआउट, आणि बाटलीच्या पिंजऱ्याच्या बोल्टभोवती. शंका आली आणि फ्रेम बाकी सगळ्या बाजूंनी पसंत असेल तर डाय पेनेट्रंट टेस्ट करून घ्या, लाल द्रव लावून पुसतात, मग वर पांढरा लेप मारतात, तडा असला तर लाल रेघ उमटते.

वेल्डचा रंगही बोलतो. टायटॅनियम तापलेलं असताना हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं, म्हणून आतून-बाहेरून आर्गॉन वायूच्या आवरणात वेल्ड करावं लागतं. रुपेरी किंवा हलका गवताळ पिवळा रंग चांगला, गडद निळा-जांभळा म्हणजे आवरण कमी पडलं, आणि पांढरट भुकटीसारखा राखाडी थर म्हणजे वाईट वेल्ड. घासून फिनिश केलेल्या फ्रेमवर हा रंग निघून गेलेला असतो, तिथे फक्त एकाच जोडाभोवती वेगळा रंग किंवा वेगळी घासणी दिसली तर विचारा, तिथे दुरुस्ती झालेली असू शकते. दुरुस्ती वाईटच असते असं नाही, टायटॅनियमच्या फ्रेम बनवणाऱ्याने केली असेल आणि कागद असेल तर ठीक. साध्या वेल्डिंगवाल्याने केली असेल तर नाही.

रंग दिलेली टायटॅनियम फ्रेम असेल तर दुप्पट काळजीने बघा, रंगाखाली काय आहे ते दिसत नाही.

पोचे बोटांनी शोधा, डोळ्यांनी नाही, नळीवरून हात फिरवत जा. पातळ बटेड नळ्यांच्या मधल्या भागात भिंत अगदी कमी जाडीची असते. उथळ, गोलसर, जोडापासून लांब असलेला पोचा बहुतेक वेळा काही करत नाही, टोकदार घडी पडलेला किंवा जोडाजवळचा असेल तर सोडा. चेनस्टेच्या आतल्या बाजूला टायर घासून किंवा चेन अडकून धातू झिजलाय का तेही बघा.

मग दोरा. एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा, आणि दोन्ही बाजूंना दोरा आणि सीट ट्यूब यांच्यातलं अंतर मोजा. एखाद-दोन मिमीचा फरक चालतो, चार-पाच असेल तर मागचा भाग वाकलाय. टायटॅनियम वाकवून सरळ करणं स्टीलसारखं सोपं नाही, ते दाबलं की उसळून परत येतं आणि जास्त दाबलं तर जोड दुखावतो. जुन्या फ्रेमला गिअर हँगर (मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा) फ्रेमचाच भाग असतो, बोल्टने बदलता येत नाही, तो वाकलेला नाही ना हे मागून डोळा लावून नीट बघा.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, हेडसेटमध्ये (हेड ट्यूबच्या बेअरिंगमध्ये) टकटक आली आणि घट्ट केल्यावरही गेली नाही तर हेड ट्यूब आतून लंबगोल झालेली असू शकते. क्रँक धरून आडवा हलवा, बॉटम ब्रॅकेट सैल असेल तर तो बदलता येईल, पण कप निघतात का हे विचारा, तेही सीटपोस्टसारखेच चिकटतात. (गिअरच्या बाजूचा कप बहुतेकदा उलट्या आट्यांचा असतो, नवीन माणूस तिथे चुकीच्या दिशेने जोर लावून आटे घालवतो.)

बाकी पार्टवर फार वेळ घालवू नका. चेन किती ताणली, कॅसेटचे दात, टायर, हे सगळं झिजणारंच आहे, त्याचा खर्च भावात धरायचा. फोर्क मात्र बघा, चकचकीत पायांवर सील फिरतो तिथे रंग उडून झिजलेला पट्टा दिसला तर तो फोर्क संपत आलाय, आणि खूप जुन्या फोर्कचे सील आता मिळतही नाहीत.

८. चालवून बघताना

आधी सीट तुमच्या उंचीला लावा, कागदावरचा आकडा. विकणाऱ्याच्या उंचीवर चक्कर मारून काहीही कळत नाही. किमान अर्धा तास मागा, चढ असेल तर चढावर बसून, मग उभं राहून, मग हात सोडून सरळ जाते का. हात सोडल्यावर सतत एकाच बाजूला ओढत असेल तर दोरा परत लावा.

बसल्यावर स्वतःला एकच विचारायचं, हे नीट बसण्यासाठी मला काय बदलावं लागेल. दहा-वीस मिमीचा स्टेम किंवा एखादा स्पेसर असं उत्तर आलं तर फ्रेम तुमची आहे. सीट रेल्सवर अगदी टोकाला, सेटबॅकवाला पोस्ट (सीट मागे नेणारा), वर वाकलेलं हँडल आणि शिवाय लांब स्टेम अशी यादी व्हायला लागली तर ती फ्रेम दुसऱ्या कुणाची तरी आहे, कितीही सुंदर असो. मी अशा दोन फ्रेम सोडून आलो, एकीसाठी तर परतीच्या वाटेवर खूप वाईट वाटलं.

९. भाव आणि पैसे

फ्रेमचा भाव वेगळा आणि पार्टचा वेगळा असं मनात मांडा. पूर्ण सायकल दिसायला महाग पण पार्ट चालू स्थितीत असतील तर सुटी फ्रेम घेऊन एकेक जमवण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. फोर्कची सर्व्हिस, चेन-कॅसेट, टायर, ब्रेकपॅड, हेडसेट आणि लागलाच तर स्टेम, एवढं सगळं नवीन धरून बेरीज करा आणि मग बोला. घासाघीस करताना सायकलला नावं ठेवू नका, जे दिसलं ते दाखवा आणि त्याचा खर्च सांगा, चांगला माणूस समजून घेतो. एका ओळीची विक्रीची चिठ्ठी लिहून घ्या, त्यात सीरियल नंबर आणि तारीख.

लांबून कुरिअरने येणार असेल तर मागच्या ड्रॉपआउटमध्ये आणि फोर्कमध्ये स्पेसर अडकवायला सांगा, नाहीतर खोक्यावर भार पडून स्टे आत दाबले जातात.

१०. घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात सगळं एकदा उघडा. सीटपोस्ट, बॉटम ब्रॅकेट, हेडसेटचे कप, बाटलीचे बोल्ट, जिथे जिथे टायटॅनियमला दुसरा धातू किंवा टायटॅनियमच टेकतं तिथे कॉपरवाली अँटी-सीझ पेस्ट लावा. टायटॅनियमचे आटे कोरडे फिरवले की एकमेकांना धरतात आणि तुटतात. कार्बनचा पोस्ट असेल तर त्याला मात्र कार्बनची दाणेदार पेस्ट. यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी पोस्ट बाहेर काढून, पुसून, परत पेस्ट लावून बसवायचा, पावसाळी दिवसांत महिन्याला एकदा. बाहेर काढण्याआधी पोस्टवर टेपची एक पट्टी लावून उंचीची खूण करा, मग दरवेळी मोजायला नको.

ब्रश फिनिशवरचे ओरखडे हिरव्या किंवा राखाडी घासणीने, नळीवर ज्या दिशेने मूळ रेघा आहेत त्याच दिशेने हलक्या हाताने घासले की जातात. ब्लास्ट केलेल्या मॅट फ्रेमवर हे करू नका, तिथे चकाकणारा डाग पडतो.

फिट बसवताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी सीटची उंची, मग सीट पुढेमागे, मग स्पेसर, सगळ्यात शेवटी स्टेम, आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन राइड. बदललेला आकडा त्याच जुन्या कागदावर तारखेसकट लिहा. माझ्या कागदावर सात ओळी झाल्या होत्या, आठवी लिहायची वेळ आली नाही.